सव्वा मूठ गहू

आमच्या घरी कानबाईचे रोट व्हायचे ते आबांच्या मुठीनं. आबा म्हणजे माझे सासरे.

खानदेशात श्रावणात, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, चौरंगावर बसवायचं, तिच्यापुढं घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. त्या रोटाचे गहू पायलीनं मोजून घेत नाहीत. भावकीत जितके पुरुष असतील, अगदी पाळण्यातलं पोरगंसुद्धा धरून, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे. मूठ भावकीतल्या सगळ्यांत वडील माणसाची. त्यानं नाव घ्यायचं, पोत्यात हात घालायचा, मूठ सुपात रिकामी करायची आणि वर पाव मूठ टाकायची. मग ते गहू निवडायचे, दळायचे, पुरण शिजवायचं, रोट लाटायचे, भाजायचे, हे सगळं बायांनी. हा शेवटचा भाग कोणी मुद्दाम सांगत नसे, तो आपोआपच आमच्याकडे यायचा.

मी बोदवडची. माझे वडील तिथं स्टेशनवर नोकरीला होते, त्यामुळं माझी भाषा शाळेतली आणि तोंड स्टेशनावरचं. सासर मिळालं दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. तिथं बठ्ठी, म्हणजे सगळी, अहिराणी. डोक्यावरून पदर घे म्हणाले, मी घेतला. पण तोंडाला कुलूप घाल असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणाले असते तरी मी किल्ली स्वतःकडेच ठेवली असती.

पहिल्या वर्षी मी दाराआडून आबांचं मोजणं पाहत होते. त्यांचा उजवा हात तेव्हाही थरथरायचा. गंमत अशी की पोत्यात हात घालताना तो अगदी सरळ असे. पण मूठ भरून वर काढली, आणि पुढचं नाव आठवेपर्यंत हात जरा अधांतरी थांबला, की थरथर परत येई आणि गहू चटईवर टपटप पडत. प्रत्येक मुठीमागं चार-सहा दाणे खाली. भावकीतले पुरुष ओळीनं बसलेले, कोणी हसायची सोय नव्हती. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, वयानं त्यांच्या खालोखाल. ते तर देवाच्या फोटोकडं बघत बसले होते.

सगळ्यांची नावं संपली. मला राहवलं नाही. दाराआडूनच विचारलं, “आबा, बायांची मूठ कुठली?”

माझ्या सासूबाईंनी, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा डाग आखाजीपर्यंत, म्हणजे पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत, पुरला असता. नाना खोकले. आबा मात्र चटईकडं बघत होते.

“हाई सांडेल शे ना,” ते म्हणाले, “हाई बठ्ठं बायास्नं.”

सगळे हसले. मी म्हटलं, “म्हणजे आमच्या वाट्याला सांडलवंड.”

“मोजी दख,” आबा म्हणाले. “मोजेलपेक्षा जास्तच भरी.”

रोटाच्या गव्हाचा दाणा वाया घालवायचा नसतो. अक्कांनी सांडलेले सगळे गहू वेचून सुपात टाकले, आणि वाटलं त्याहून ते बरेच भरले. तेव्हापासून दर वर्षी मोजणी झाली की आबा चटईकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “उचला वं, तुम्हना वाटा.” मी म्हणायची, “यंदा हात जरा जास्त हलवा, नवं पातळ घ्यायचंय.” सासऱ्याशी सून असं बोलते हे ऐकून शेजारच्या बाया गालाला हात लावायच्या. मला आबा फार आवडायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

त्यांच्या आजाराला वैद्य कंपवात म्हणत. दोंडाईच्याचे डॉक्टर इंग्रजी नाव घेत, ते पुढं मला कळलं, पार्किन्सन. हात थरथरायचा, चाल बारीक झाली होती, चेहरा जरा कमी हलायचा, त्यामुळं ते विनोद करताहेत की रागावलेत हे नवख्याला समजत नसे. आणि उंबऱ्याशी पाय चिकटायचे. माजघरातून ओसरीवर यायला निघायचे आणि उंबऱ्यापाशी येऊन उभेच. मन पुढं, पाय मागं. अक्कांनी त्यावर एक युक्ती काढली होती. त्या आबांची काठी काढून घ्यायच्या आणि त्यांच्या पायापुढं जमिनीवर आडवी टाकायच्या. काठी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जायचा. मोकळ्या जमिनीवर न उचलणारा पाय काठीवरून बरोबर उचलला जायचा. असं का, हे विचारलं तर अक्का म्हणायच्या, “आयुष्यभर आडं चालानी सवय शे त्यास्ले.”

धुळ्याच्या वैद्यांनी औषध दिलं होतं खाजकुहिलीच्या बियांचं. शेंगा सातपुड्याकडच्या भिल्ल बाया बाजाराच्या दिवशी आणून देत. त्यातल्या बिया काढायच्या, दुधात उकळायच्या, सोलायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, आणि ते चूर्ण रोज सकाळी कपभर दुधात उकळून द्यायचं. हे काम अक्का दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एकदा मी सुनेचं कर्तव्य म्हणून उत्साहानं शेंगा सोलायला घेतल्या. शेंगांवरची लव हाताला लागली, हातावरून मानेला, मानेवरून जिथं जिथं हात गेला तिथं. त्या दिवशी मी गोठ्यात उभी राहून अंगाला शेण चोळत होते आणि ओसरीवर बसलेले आबा, चेहरा न हलवता, विचारत होते, “वैद्यले सांगू का, हाई औषध लागू पडनं म्हनीसन?”

चूर्णानं आजार जात नव्हता, पण अंग सैल राहायचं. सकाळचा कप पोटात गेला की थोड्या वेळानं आबा उठून गोठ्यात जायचे, म्हशीशी बोलायचे, शेतावर कोण गेलं नि कोण नाही याची चौकशी करायचे. घर तेवढ्यावर खूश होतं.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. आमच्याकडं ती सुरतेच्या गाडीनं आली, म्हणजे धाकट्या दिराबरोबर. ते सुरतेला गिरणीत होते. नानखटाईचा डबा आणि खोकला घेऊन उतरले. नानखटाई आम्ही वाटून खाल्ली, खोकलाही वाटून घेतला. आठवडा उलटायच्या आत घर आडवं झालं. हाडं मोडल्यासारखी दुखायची, डोळे उघडवत नसत. गावात घरोघरी तेच. ज्याला जरा उभं राहवे तो दुसऱ्याच्या गुरांना पाणी दाखवी. नानांच्या घरची पेज आमच्याकडं, आमच्या घरचा काढा नानांकडं, कोण कुणाचं खातंय याचा हिशेबच राहिला नव्हता. मी तापात बोदवडच्या गाड्यांची वेळापत्रकं बडबडत होते म्हणे. दीर म्हणाले, “वहिनी, गाडी लेट शे, झोपा.”

आमच्या घरात तापात दूध देत नसत. हा नेम आबांचाच. तापलेल्या पोटात दूध म्हणजे दुखणं आत जिरतं, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना. म्हणून घरात ताप शिरल्याबरोबर अक्कांनी दूध चुलीवर चढवणं बंद केलं. म्हशीचं दूध पारडू प्यालं, उरलेलं मांजर. साऱ्या गावात तब्येत सुधारलेली तेवढी आमची मांजर.

आबांना ताप सगळ्यांच्या शेवटी आला. तोवर आम्ही बाकीचे पडत-उठत बरे झालो होतो, त्यामुळं वाटलं, हेही चार-पाच दिवसांत उठतील. ताप उतरला. आबा उठले नाहीत. उलट रोज थोडे थोडे ताठ होत गेले. मान उशीपासून जरा वर अधांतरी राहायची. कूस बदलायला दोघं लागायची. घास तोंडात तसाच राहायचा, पेज घशात अडकून ठसका लागायचा. आवाज इतका बारीक झाला की कान ओठाशी न्यावा लागे. आणि जो हात मी लग्न होऊन आल्यापासून हलता पाहिला होता तो थांबला. मूठ मिटलेली, मांडीवर. मला त्या थरथरीची इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर भीती वाटली.

डॉक्टर सायकलवरून आले. म्हणाले, “या आजारात कुठलाही ताप माणसाला फार मागं नेतो. ताप जातो, अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. आडवं ठेवून काही पाजू नका, उठवून बसवा. पातळ देऊ नका, जरा दाट द्या. छाती सांभाळा.” आम्ही तसं केलं. दादर ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज, चमच्या चमच्यानं. माझे यजमान शेत सांभाळायचे, दीर आबांच्या पाठीमागं टेकून बसायचे, अक्का भरवायच्या, मी गळ्यावर लक्ष ठेवायची, गिळलं की “गेला” म्हणायची. प्रत्येक “गेला”वर अक्कांचे खांदे खाली यायचे.

आणि श्रावण जवळ येत होता.

आबांच्या डोक्यात मरणाचा विचार होता की नाही मला ठाऊक नाही. कानबाईचा होता. माणूस गेलं तर भावकीला सुतक आणि सुतकात कानबाई बसत नाही. आपल्यामुळं देवी दारावरून परत जाईल, याची त्यांना धास्ती होती. आणि त्याहून जवळची दुसरी होती, मुठीची. एके दिवशी नाना आले. पायाशी बसले. चांगल्या मनानंच म्हणाले, “आबा, औंदा तुम्ही आराम करा. मूठ मी लिसू.”

आबांनी डोळे मिटून घेतले. नाना गेल्यावर त्यांनी ओठ हलवले. मी कान नेला. ते म्हणत होते, “मन्ही मूठ शे.”

एवढंच. मी माजघरात जाऊन रडले आणि मग रागानं भांडी घासत बसले. भांड्यांचा आवाज इतका झाला की अक्का म्हणाल्या, जरा हळू, घर पाडशी. मला सारखं वाटत होतं की हा माणूस एकदा तरी पोत्यात हात घालू दे, मग पुढचं पुढं बघू. त्या दिवसांत मी देवीशी जरा चढ्या आवाजातच बोलत होते.

घरातून ताप पुरता गेल्याची खात्री झाली तेव्हा एका सकाळी अक्कांनी पुन्हा दूध तापवायला ठेवलं. पारडाला दोरी लागली, मांजरीचे दिवस संपले. दूध वर आलं. अक्कांनी ते उतरवलं, आणि त्यांचा हात सवयीनं फळीवरच्या पितळी डब्याकडं गेला. डबा त्यांनी खाली घेतला, झाकण उघडलं आणि तशाच बसून राहिल्या.

मी म्हटलं, “काय झालं अक्का?”

“मी दूध बंद करं,” अक्का म्हणाल्या, “आनि त्यान्हासंगे औषधबी बंद करी टाकं.”

डब्यातलं चूर्ण ज्या पातळीला होतं तिथंच होतं. दूध नाही म्हणून कप नाही, कप नाही म्हणून चूर्ण नाही. कुणालाच सुचलं नव्हतं. ना अक्कांना, ना मला, ना खुद्द आबांना, आणि डॉक्टरांना विचारायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. दूध तापात चालत नाही हे एवढं पक्कं होतं की त्या दुधात आणखी काही असतं हे सगळे विसरून गेले होते. अक्का चुलीपुढं बसून स्वतःलाच बोल लावत होत्या. मी त्यांच्या हातातून डबा घेतला, चूर्ण दुधात टाकलं आणि उकळायला ठेवलं. म्हटलं, “नंतर रडा. आधी पाजा.”

जादू काही झाली नाही. फ्लूनं अंगातली ताकद नेली होती ती लगेच कुठून येणार. पण दोन-तीन दिवसांनी मान उशीला टेकली. मग घास लवकर गिळला जाऊ लागला. माझं “गेला” म्हणणं आबांनाच नकोसं झालं. आणि एका सकाळी, कप संपल्यावर, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “म्हैसले पेंड दिधी का वं?”

दीर नाचायचेच बाकी राहिले. आजारपणातून उठून माणसानं आधी देवाचं नाव घ्यावं अशी रीत आहे, आमच्याकडं म्हशीचं घेतलं गेलं. अक्कांनी तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं, डोळ्याला पदर लावून. आबांनी ऐकून घेतलं.

“तापमा दूध पेवानं नही, हाई कोन सांगं व्हतं?” ते म्हणाले. “मीच ना? मंग मन्हावर रड.”

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी अक्कांना बजावलं की अशा आजारात रोजचं औषध एकदम तोडायचं नसतं, ताप असो वा नसो. अक्का म्हणाल्या, “आते घरले आग लागनी तरी डबा संगे लिसू.”

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मोजणी होती. आबा अशक्त होते, धरल्याशिवाय उठता येत नव्हतं, पण उठायचं ठरलं होतं. ओसरीवर पोतं उघडं करून ठेवलेलं, सूप मांडलेलं, भावकी ओळीनं बसलेली. नाना पोत्याच्या जवळ बसले होते, लागलंच तर असावं म्हणून. दिरांनी आबांना माजघरातून आणलं. उंबऱ्याशी आले आणि पाय चिकटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. सगळे बघताहेत म्हटल्यावर ते आणखीच चिकटले. अक्कांनी काठी टाकली. पाय हलला नाही. मग आमच्यातल्या एका म्हाताऱ्या जावेनं कानबाईचं गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि आबांनी खाली काठीकडं बघत, ठेक्याला ठेका देत, पहिला पाय पलीकडं टाकला. दुसरा टाकला. ओसरीवर येऊन बसले. नाना उठले आणि मागं जाऊन बसले. मला त्यांचा त्या दिवशी फार आदर वाटला.

आबांनी पहिलं नाव घेतलं. हात पोत्यात गेला, मूठ भरून वर आली. पुढं काय होणार हे आम्हाला पाठ होतं, अक्का चटई झटकून बसल्या होत्या. पण हात थरथरला नाही. आजारपणानं तो इतका आवळून टाकला होता की मूठ वर अधांतरी थांबली तरी एक दाणा खाली पडला नाही. दुसरं नाव, तिसरं नाव. बोटं उघडायला वेळ लागे, तेवढाच. मूठ सरळ सुपात, वर पाव, सरळ सुपात. पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी नावं झाली. चटई रिकामी.

मी दाराआडून बघत होते. आबा बसले, त्यांनी मोजलं, सगळं नीट झालं, आणि तरी काहीतरी गेलं असं वाटलं. आमचा तो वाटा गेला होता.

आबांनीही चटईकडं पाहिलं. मग हात परत पोत्यात घातला.

“आबा, झायात ना बठ्ठा,” नाना म्हणाले.

आबांनी नाव घेतलं. माझं होतं. ओसरीवर सासऱ्याच्या तोंडून, भरल्या भावकीपुढं.

“बायास्नी मूठ ऱ्हास नही, आबा,” नाना हळूच म्हणाले.

“आते सांडत नही,” आबा म्हणाले. “मंग मोजनं पडी.”

रीत म्हणते वडील माणसाची मूठ, आणि वडील माणसाची मूठ पोत्यात होती. मी सगळ्यांत धाकटी सून, म्हणून माझ्यापासून सुरुवात करून आबा वर वर चढत गेले. माझ्या जावा, चुलत जावा, ती गाणं म्हणणारी म्हातारी जाऊ. नाव घेतलं की ती ती बाई दाराआड तोंडाला पदर लावायची आणि तिला बाकीच्या ढोसायच्या. माझ्या आयुष्यात मी इतक्या बायांना एकदम गप्प आणि एकदम खूश पुन्हा पाहिलं नाही.

शेवटी एकच राहिलं. आबांची मूठ भरून वर आली आणि थांबली. आम्हाला वाटलं हात अडकला. हात अडकला नव्हता. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. आबांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. आणि घरात सगळे अक्काच म्हणत असल्यामुळं माझ्याही कानावर ते कधी आलं नव्हतं. आणि नाव घेतल्याशिवाय मूठ टाकता येत नाही.

आबांनी नाव घेतलं. बारीक आवाजात, पण सगळ्यांनी ऐकलं. मी ते इथं लिहीत नाही, ते त्यांच्याच तोंडचं राहू दे.

मग मूठ उघडेना. दमले होते ते, एवढा वेळ बसून बोटं पार मिटून गेली होती. दीर पुढं सरकले, पण अक्का आधी उठल्या. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, खालून हसू दिसत होतं. आबांपुढं बसल्या आणि त्यांचं एकेक बोट सोडवू लागल्या. गहू सुपात पडले.

“बठ्ठा पडनात का?” आबांनी विचारलं.

“पडनात,” अक्का म्हणाल्या, आणि वरची पाव मूठ त्यांनी आपल्या हातानं टाकली.